धुवायची राहिलेली अंडी

हेमावती अक्का पहिल्यांदा माझ्या प्रयोगशाळेत आल्या तेव्हा त्यांनी बेडकांच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवल्या. आत ओल असते, पाय घसरतो, चपला असू द्या, असं मी सांगत होते. पण त्या अनवाणीच आत गेल्या आणि पहिल्या टाकीसमोर हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

"हे आपले नव्हेत," त्या म्हणाल्या.

"नाही, आफ्रिकेतले आहेत. आपल्याकडचे बेडूक धरायला आता परवानग्या लागतात."

"ओरडत नाहींत काय हे?"

"ओरडतात, पण पाण्याखाली. टिकटिक केल्यासारखे."

त्यांनी टाकीच्या काचेला कान लावला. बराच वेळ तशाच वाकून उभ्या राहिल्या. केसांत मोगऱ्याचा छोटा गजरा, अंगावर ऑफिसला नेसायची कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला रेल्वेच्या कार्यालयात न्यायची पिशवी. वय पन्नाशीच्या जरा पुढे. मग सरळ होऊन त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सरी, बरें. ऐकूं आलें."

मी मूळची साताऱ्याची. नोकरीच्या निमित्तानं चेन्नईत आले आणि इथल्या एका संशोधन संस्थेत बेडकाच्या अंड्यांवर काम करत राहिले. अंडं एकदा फळलं की एकाचे दोन, दोनाचे चार असं किती शिस्तीत विभागत जातं आणि ती शिस्त कोण लावतं, हा माझा विषय. अनन्या ही माझ्याकडची प्रकल्प साहाय्यक. घरची तंजावरची मराठी, पण स्वतः मराठीपेक्षा तमिळमध्ये जास्त मोकळी. माझ्याशी बोलताना ती तिन्ही भाषांची भेळ करायची. एके दिवशी ती म्हणाली, "मॅम, माझ्या अत्तेला बेडूक बघायचे आहेत. ती पूर्वी हेच करायची."

"हेच म्हणजे?"

"हेच. अंडी. औषध घालून थांबवायची."

मला वाटलं, आत्या कुठल्या शाळेत जीवशास्त्र शिकवत असेल. पण अक्का टाकीला कान लावून उभ्या राहिल्या त्या दिवशीच लक्षात आलं की प्रकरण वेगळं आहे.

पुढच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. वेस्ट मांबलममध्ये भांड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत त्यांची आई, भवानीअम्मा, पलंगावर. ऐंशीच्या पुढच्या. आज वार कोणता हे त्यांना सांगता येत नसे, पण लग्नातल्या पंगतीत कोण कुठे बसलं होतं ते येत असे. अक्कांनी पानात डांगर वाढलं आणि मी आधी तेच बोटानं चाखलं. आमच्या घरी आजी करायची तसंच, फक्त त्याला त्या डांगर पच्चडी म्हणत होत्या. तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून तंजावरला गेलेली माणसं हे बरोबर घेऊन आली होती आणि अजून वाढत होती. अक्कांची मराठीही तशीच. 'मजला', 'जाहलें', 'कोठें', आणि मध्येच लाडाचं 'मा' किंवा 'कन्ना' असा एखादा तमिळ शब्द, जसा काही तो पहिल्यापासून तिथलाच.

जेवणानंतर त्यांनी मला सगळं सांगितलं.

एकोणीसशे एकोणऐंशी साली त्या इथेच, समुद्राजवळच्या एका जुन्या इमारतीत पीएच. डी. करत होत्या. मार्गदर्शक रामस्वामी सर. शेजारच्या टेबलावर चंद्रमौळी नावाचा दुसरा विद्यार्थी. तेव्हा बेडूक पावसाळ्यात शेतांतून यायचे, गोणपाटात भरून. बेडकीला आदल्या संध्याकाळी इंजेक्शन द्यायचं, सकाळी तिचं पोट हलकेच दाबून अंडी काढायची, नराच्या बीजाचं पाणी त्यांवर सोडायचं आणि वाट बघत बसायचं. थोड्या वेळात सगळी अंडी आपली काळी बाजू वर करतात. मग पुष्कळ वेळ काहीच होत नाही. आणि मग एकदम, सगळ्यांच्या डोक्यावर एकाच वेळी एक बारीक रेघ उमटते. रेघ खोल होत जाते, एकाचे दोन होतात.

"ती रेघ पाहिली कीं मी जेवण विसरत असें," अक्का म्हणाल्या.

रामस्वामी सरांचा प्रश्न असा होता. बेडकाच्या अंड्यात आईनं सगळी शिदोरी आधीच भरून दिलेली असते. त्याला वाढायचं नसतं, फक्त विभागायचं असतं. मग त्याला नवीन प्रथिनं बनवायची गरजच काय? पण प्रथिनं बनणं बंद पाडणारं एक औषध पाण्यात घातलं, तर अंडं विभागत नाही. मरतही नाही. गोल, काळंभोर, टवटवीत, तसंच थांबून राहतं. एवढं तेव्हा जगात माहीत होतं. का थांबतं ते माहीत नव्हतं. सरांनी अक्कांना सांगितलं, थांबवायला सगळे शिकलेत, तू औषध धुऊन टाक आणि पुढे काय होतं ते बघ. अंडं राहिलेल्या ठिकाणाहून पुढे चालू लागतं, की पुन्हा पहिल्यापासून?

कित्येक दिवस जमलं नाही. कधी अंडी वाईट निघायची, कधी औषध जास्त व्हायचं. ऑक्टोबरातल्या एका दुपारी सगळं जमून आलं. एका बशीत साध्या पाण्यातली अंडी, त्यांचे चार-चार भाग झालेले. दुसऱ्या बशीत औषधातली, एकसुद्धा रेघ नाही, सगळी गोल. अक्कांनी धुवायचं पाणी तयार करून ठेवलं, हात पुसले, आणि दारातून शिपायानं हाक मारली. तार आली होती. वडील गेले होते.

"मी पिशवी उचलली. चंद्रमौळीला म्हटलें, अंडी... आणि पुढें बोलतां आलें नाहीं. तशीच निघालें. एग्मोर स्टेशनला येऊन गाडींत बसलें."

वडील, जनकोजीराव, तंजावरला रेल्वेत होते. त्यांच्या जागी अक्कांना नोकरी मिळाली. धाकटे भाऊ-बहीण शाळेत. भाऊ म्हणजे पुढे अनन्याचे वडील. त्यांची शिक्षणं, बहिणीचं लग्न, आईची दुखणी. बऱ्याच वर्षांनी बदली होऊन अक्का मद्रासला परत आल्या तेव्हा रामस्वामी सर वारले होते. त्या एकदा जुन्या इमारतीत जाऊन आल्या. खोलीला कुलूप होतं आणि काचेतून आत नुसती कपाटं दिसत होती.

"आणि चंद्रमौळी?" मी विचारलं.

"उत्तरेकडे कोठें नोकरी लागली म्हणोन ऐकलें."

आतून भवानीअम्मा मोठ्यानं म्हणाल्या, "तिजला किती स्थळें आलीं, सगळ्यांस नको म्हणाली!"

"अम्मा, निजा आतां," अक्का म्हणाल्या, आणि ताटं उचलून आत गेल्या.

परत आल्या तेव्हा त्यांनी मला शेवटचं सांगितलं. अनन्या बी. एस्सी.ला असताना तिचं जाडजूड पाठ्यपुस्तक घरी आलं. अक्का सहज चाळत होत्या. एका पानावर त्यांना आपलं औषध दिसलं, आपलं अंडं दिसलं, आणि खाली उत्तर. अंडं प्रत्येक फेरीत एक प्रथिन थोडं थोडं साठवत जातं. ते पुरेसं साठलं की विभाजन सुरू होतं. विभाजन उरकता उरकता अंडं ते प्रथिन स्वतःच मोडून टाकतं आणि पुढच्या फेरीसाठी पुन्हा नव्यानं बनवू लागतं. बनवणंच बंद पाडलं तर फेरी पुढे सरकत नाही. हे सगळं त्यांच्या ऑफिसातल्या वर्षांत जगात कुठे कुठे शोधलं गेलं होतं, त्याला नोबेलसुद्धा मिळून गेलं होतं.

"दोन ओळींत होतें," अक्का म्हणाल्या. "मी उभ्यानें वाचलें. चुलीवर भात करपला."

"म्हणजे उत्तर मिळालं की तुम्हाला."

"उत्तर मिळालें मा. माझ्या अंड्यांचें काय जाहलें, तें नाहीं मिळालें."

मी घरी आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. संशोधन करणाऱ्या माणसाला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी अनन्याकडे निरोप दिला. अक्कांना म्हणावं, शनिवारी सुट्टी असते ना? या. आपण धुऊ या.

पहिला प्रयत्न आम्ही भर मे महिन्यात केला, ही माझीच घाई. आदल्या वर्षी पाण्याचे हाल होऊन गेले होते. टँकरच्या पाण्यावर मी बेडूक जगवले होते आणि ते अजून नीट सावरले नव्हते. त्यात आदल्या रात्री वीज गेली, खोली तापली. सकाळी बेडकीनं अंडी दिली ती माळेसारखी एकमेकांना चिकटलेली, ठिपकेदार. अक्का पांढरा कोट घालून बसल्या होत्या. सूक्ष्मदर्शकात डोळा लावला तर चष्मा आड यायचा, चष्मा काढला तर काही दिसायचं नाही. काचेच्या नळीनं अंडी उचलताना दोन-चार फुटली. अनन्यानं हलकेच नळी त्यांच्या हातातून घेतली.

"विसरलें सगळें," त्या म्हणाल्या. "हात विसरले."

त्या दिवशी एकही अंडं विभागलं नाही, साध्या पाण्यातलंसुद्धा. अक्कांनी डबा उघडला नाही. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "तुमचा दिवस फुकट घालविला मी."

"आमचे निम्मे दिवस असेच जातात, अक्का. थंडीत पुन्हा करू."

मधल्या काळात एक गोष्ट घडली. अनन्याची एक मैत्रीण तांबरमच्या कॉलेजात शिकवत होती. बोलता बोलता तिथल्या जुन्या प्राध्यापकांचा विषय निघाला आणि ती म्हणाली, प्राणिशास्त्राचे चंद्रमौळी सर नुकतेच मुदतीआधी निवृत्त झाले, बेडकाच्या अंड्यांचं फार सुंदर शिकवायचे. अनन्या धावतच माझ्याकडे आली. ते उत्तरेकडे होते, पण थोडेच दिवस. गेली वीसेक वर्षं ते तांबरमलाच राहत होते.

मांबलम आणि तांबरम लोकलच्या एकाच लाइनवर. मांबलमच्या ज्या फलाटावरून अक्का रोज ऑफिसला जात, त्याच्या समोरच्या फलाटावरून तांबरमची गाडी सुटते.

अनन्यानं त्यांना सांगितलं तेव्हा मी नव्हते. ती म्हणाली, अत्तेनं आधी भाजीची पिशवी उपसली. मग एवढंच म्हणाली, "इतकीं वर्षें?" आणि भाजी चिरायला बसली. बोलवायचं का, असं अनन्यानं विचारलं तर नको म्हणाली. "काय सांगूं त्यांजला? आणि कां?"

आम्ही विषय सोडून दिला. बेडकांना बरं पाणी मिळालं, बरं खाणं मिळालं, पाऊस येऊन गेला, हवा थंड झाली. जानेवारीत मी अक्कांना फोन केला की या शनिवारी करू. त्या हो म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "शर्मिष्ठा, त्यांस बोलवा."

चंद्रमौळी सर आले तेव्हा अंडी फळून काळी बाजू वर करून बसली होती आणि एका बशीत अनन्यानं औषध घातलं होतं. उंच, खांद्यात वाकलेले, कानात ऐकण्याचं यंत्र, हातात लांब दांड्याची छत्री. दारात उभे राहून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. अक्का पाठमोऱ्या होत्या.

"हेमा," ते म्हणाले.

अक्का उठल्या, कोटाच्या खिशात हात घातले, बाहेर काढले. "या," म्हणाल्या, "बसा." ती दोघं तमिळमध्येच बोलली. मला आता तेवढं तमिळ कळतं, म्हणून इथे मराठीत सांगते आहे.

पहिली काही मिनिटं फार अवघडलेली गेली. ट्रेनला गर्दी होती का, घर स्टेशनपासून लांब आहे का, सरांच्या पत्नीची तब्येत कशी आहे. तिला संधिवात होता, घराबाहेर पडणं बंद झालं होतं. भवानीअम्मा आहेत हे ऐकून सर म्हणाले, "अजून?" आणि लगेच जीभ चावली. अक्का हसल्या. त्यांना मी तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, तोंडावर हात न ठेवता.

तेवढ्यात साध्या पाण्यातल्या अंड्यांवर रेघा उमटल्या. अनन्यानं सूक्ष्मदर्शकाला पडदा जोडून ठेवला होता, म्हणून या वेळी चष्म्याची अडचण नव्हती. पडद्यावर एकेक अंडं लाडवाएवढं दिसत होतं. वरून खाली रेघ ओढली जात होती, जशी कणकेच्या गोळ्यावर सुरी दाबावी. दोघंही खुर्च्या पुढे ओढून बसली. औषधाच्या बशीत एकही रेघ नव्हती. मी थांबू दिलं. दोनाचे चार झाले. दुसऱ्या बशीत तीच गोल, गप्प अंडी.

"आता," मी म्हटलं.

अक्कांनी नळी उचलली. टोक पाण्यात बुडवलं. सरांनी बशी दोन्ही हातांनी धरली आणि जराशी कलती केली, म्हणजे अंडी एका कडेला जमली आणि पाणी दुसरीकडे. अक्कांनी पाणी ओढून घेतलं. सरांनी नवीन पाणी सोडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा सोडलं. किती तरी वेळा. अनन्या मदतीला पुढे होत होती, तिला मी मागे खेचलं.

मग वाट बघणं. अनन्या चहा आणायला गेली. मी दुसऱ्या टेबलावर माझं काम काढून बसले, पण कान तिकडेच होते हे कशाला लपवू.

"त्या दिवशी," अक्का म्हणाल्या, "मी गेल्यावर, तुम्ही ती धुतलीत?"

सरांनी ऐकण्याचं यंत्र जरा दाबलं. ऐकू आलं नव्हतं असं मला वाटत नाही.

"नाही," ते म्हणाले. "मी तिथं नव्हतोच."

"म्हणजे?"

"तुझ्यामागून एग्मोरला गेलो. बस मिळेना, निम्मी वाट चालत गेलो. पोचलो तेव्हा गाडी सुटलेली. मग फलाटावरच्या बाकावर बसून राहिलो, का कोण जाणे, जशी ती गाडी परत येणार होती. लॅबमध्ये आलो तोवर अंडी पांढरी पडली होती. रामस्वामी सर ओरडले. मी सांगितलं, विसरलो."

अक्का पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर काहीच घडत नव्हतं.

"कशाला आला होतात स्टेशनवर?"

"सांगायचं होतं काही."

"काय?"

सरांनी मांडीवरची छत्री सरळ केली. "आता आठवत नाही," म्हणाले. मग मान हलवली. "आठवतं. पण ते पंचवीस वर्षांच्या मुलाचं बोलणं, हेमा. माझ्या तोंडी शोभायचं नाही."

"मी वाट पाहिली," अक्का म्हणाल्या. अगदी सपाट आवाजात, जसं ऑफिसात कुणाला सांगावं. "तंजावरला. दिवाळीपर्यंत. मग वाटलं, तुम्ही प्रयोगात असाल."

"मला वाटलं, घरात एवढं झालेलं, आपण कसं जायचं. जरा दिवस जाऊ देत. मग तू तिथंच नोकरीला लागलीस असं कळलं."

अनन्या चहाचे पेले घेऊन आली, तिला खोलीतली हवा कळली असावी, ती पेले ठेवून पडद्यासमोर खाली जमिनीवर बसली. चहा निवला.

ठरलेल्या वेळी काही झालं नाही. मला काळजी वाटू लागली. हे औषध सगळ्या अंड्यांतून सहजासहजी निघत नाही, मी त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. काही अंडी कडेनं फिकी पडायला लागली. अक्कांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"मॅम!" अनन्या ओरडली. "डावीकडे, डावीकडे बघा!"

डाव्या कोपऱ्यातल्या एका अंड्याच्या डोक्यावर खळगा पडला होता. रेघ वाकडी होती, मध्यावरून नव्हती, बरीच कडेला. पण ती लांबत गेली, खोल होत गेली. मग त्याच्या शेजारच्या एकावर. मग खालच्या रांगेत. सगळ्यांवर नाही. बरीचशी तशीच राहिली आणि नंतर खराब झाली. पण जी सुटली ती विभागली.

"पहिल्यापासून," सर म्हणाले. "बघ किती वेळ लागला. जवळजवळ अख्खी फेरी."

मला न बोलून राहवलं नाही. मी म्हटलं, अगदी सगळं पहिल्यापासून नाही. थांबलेल्या काळात अंड्यानं आपल्या गुणसूत्रांची नक्कल करून ठेवलेली असते, ते काम पुसलं जात नाही. पण ते एक प्रथिन मात्र पुन्हा पुरेसं साठेपर्यंत थांबावं लागतं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या उठल्या, पडद्याच्या अगदी जवळ गेल्या आणि त्या वाकड्या रेघेच्या अंड्यावरून बोट फिरवलं. काचेवर बोटाचा ठसा उमटला. रडल्या नाहीत. "सर असते तर," एवढंच म्हणाल्या. चंद्रमौळी सरांनी चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.

संध्याकाळी मी दोघांना गिंडी स्टेशनवर सोडलं. तिथे मांबलमचा फलाट एकीकडे, तांबरमचा दुसरीकडे. माझ्या कारमधून उतरून त्यांनी एकमेकांना नमस्कार केला, जसा समारंभात करतात. सर जिना चढून पलीकडे गेले. अक्कांची गाडी आधी आली, तरी त्या चढल्या नाहीत. तांबरमची गाडी येऊन गेली, पलीकडचा फलाट मोकळा झाला, मग त्यांनी पुढची धरली. मी रस्त्यावरच थांबले होते म्हणून दिसलं.

त्यानंतर सर आणखी दोनदा प्रयोगशाळेत आले. दोन्ही वेळी अक्का होत्या. बेडकांविषयी, जुन्या इमारतीविषयी बोलणं झालं, आणखी कशाविषयी नाही. मग पत्नीचं दुखणं वाढलं आणि मुलगी त्या दोघांना कोइंबतूरला घेऊन गेली.

पुढच्या वर्षी अनन्याला जर्मनीत पीएच. डी.ची जागा मिळाली. घरी गोंधळ उडाला. भवानीअम्मांना अर्धांगाचा दुसरा झटका येऊन गेला होता, अनन्याच्या आईला आधी लग्न हवं होतं, वडील काहीच बोलत नव्हते, आणि अनन्या स्वतःच म्हणू लागली की आजी अशी असताना नको, एक वर्ष थांबते. तेव्हा अक्का मोठ्या भावाच्या तोऱ्यात सगळ्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. अनन्यानंच मला हे सांगितलं.

"एक वर्ष म्हणजे काय तें मजला विचार," त्या म्हणाल्या. "तूं जा. अम्माचें मी बघतें. अम्मा गेली तरी तूं येऊं नको, मी बोलावणार नाहीं."

"अत्ते, असं काय बोलतेस!"

"रागावून नाहीं बोलत, कन्ना. प्रयोग संपला कीं ये. मग बसून रडूं दोघी."

अनन्या गेली. भवानीअम्मा दोन हजार आठच्या पोंगलनंतर गेल्या, झोपेतच. अक्कांनी भावाला बजावलं आणि अनन्याला रविवारच्या फोनवरच कळलं. ती फार चिडली, मग फार रडली. अक्का फोन कानाला लावून नुसत्या हं, हं करत राहिल्या.

मी त्यांना अजून भेटते. घर तसंच आहे, फक्त आतला पलंग भिंतीला उभा करून ठेवलाय. मध्ये मी त्यांना म्हटलं, शनिवारी येत जा ना, हात पुन्हा बसतील, छोटं काही करता येईल. त्या म्हणाल्या, "पाहूं." आल्या नाहीत. कोइंबतूरहून अधूनमधून त्यांना सरांचा फोन येतो. तिकडे पाणी कसं आहे, पाऊस झाला का, असं काहीतरी बोलतात आणि ठेवतात.

एकदा मांबलमला संध्याकाळची उतरले तर अक्का समोरच्या फलाटावर, तांबरमच्या गाडीची वाट बघत उभ्या. मी हाक मारली, पूल ओलांडून गेले. घरी जायचं सोडून तुम्ही इथं कुठे?

"तांबरमपर्यंत जाऊन येतें. कधीं कधीं जातें, ऑफिस सुटल्यावर. उतरत नाहीं. तीच गाडी परत येते."

"पण ते तर कोइंबतूरला असतात ना आता?"

"हो मा," त्या म्हणाल्या. "ते इकडे होते तेव्हां कधीं गेलें नाहीं."

गाडी आली. बायकांच्या डब्यात जागा होती. त्यांनी खिडकी धरली, पिशवी मांडीवर घेतली आणि मला हातानं खूण केली, येतेस का. मी चढले आणि त्यांच्या शेजारी बसले.